शंभर बांध्या

एका काचेवर शंभर फील्ड बघायची असतात.
मैनाबाईला हे सांगितलं तेव्हा ती हसली,
"आमच्यापाशी दोन बांध्या, अन् तुमच्या काचेवर शंभर?"
तेव्हापासून मीही बांध्याच म्हणते.

दहा बांध्या झाल्या की एक चिंचोका
डावीकडून उजवीकडे.
तेलाचा थेंब, जांभळट उजेड,
आणि केसभर सरकणारी काच.

खिडकीच्या गजाला फोन टांगलेला,
औषधांच्या पिशवीत,
कारण रेंज तेवढ्या वीतभर जागेतच येते,
आणि आली की
धानावर पोपट उतरावेत तशी.
टिंग. स्मरणपत्र तीन.
टिंग. अत्यंत तातडीचे.
टिंग. अत्यंत तातडीचे, सुधारित.
टिंग. कुण्या चौधरी साहेबांची बढती,
आणि सगळ्यांना उत्तर धाडणारे एक्केचाळीस जण:
अभिनंदन सर.
टिंग. आपल्याकडे किती काचा तपासायच्या शिल्लक आहेत,
आजच्या आज कळवा.
मी उठले. कळवलं. बावीस.
परत बसले तर आठवेना,
चौसष्ट की चौऱ्याहत्तर?
चिंचोके सगळे डावीकडे. पुन्हा एकपासून.

सगळेच मेल फोल असतात असंही नाही.
मागच्या भादव्यात एक खरा होता:
किटचा अमुक लॉट खराब, वापरू नका.
अभिनंदनांच्या ढिगाखाली तो सहा दिवस पडून होता.
त्या सहा दिवसांबद्दल मी कुणाशी बोललेले नाही.
पण तेव्हापासून दर टिंगला उठायचे,
चुलीवर दूध असल्यासारखी.

शेवटी मैनाबाईनेच पिशवी सोडली,
फोन तांदळाच्या डब्यात ठेवला, वर झाकण.
"साडेतीनले काढून देतो. तवर तुमच्या बांध्या निंदून घ्या."
अन् तातडीचं काही आलं तर?
तिने पदराला हात पुसले.
"तातडीचं पायी येते, मॅडम."

आज ते पायी आलं.
नदीपल्याडून, गुडघाभर चिखल,
सगुणा कुमोटीच्या खांद्यावर चार वर्षांचं पोर,
अंग तव्यासारखं.
किटने नाही म्हटलं.
मी काच केली.

वीस. चाळीस. सगुणा दारात उभीच.
साठ. डब्यात काहीतरी गुरगुरलं, तांदूळ हलले असतील.
ऐंशी.
त्र्याऐंशीव्या बांधीत
अंगठी.
एवढीशी, अंगावर एकच लाल खडा.
नजर काढली, पुन्हा लावली. होतीच.
डॉक्टरांना हाक मारताना
माझा आवाज मलाच मोठा वाटला.

पोर झोपलं तेव्हा चार वाजून गेले होते.
डबा उघडला. फोनच्या भोकात कोंडा.
सत्तावीस मेल, वीस मिनिटं.
खालून वर वाचत गेले,
दोघांना उत्तर, एक तारखेसकट वहीत,
शिल्लक काचा: एकोणीस.

चौधरी साहेबांचं अभिनंदन
अजून राहिलंय.