निरसं दूध

परिषद बारीत होती, दातांच्या मुळांवर.
तिसऱ्या दिवशी मी दांडी मारली
आणि दक्षिणेची गाडी धरून लेच्चेला उतरले.
तिथला दगड बघण्यासारखा आहे, कुणीतरी म्हणालं होतं.
दगड तो दगड. म्हटलं, बघू.

मधाच्या तळाशी साखर धरते, त्या रंगाची भिंत.
आणि तिच्यावर काय काय:
डाळिंबं, उकललेली; द्राक्षांत चोच खुपसलेले पक्षी,
माशाच्या शेपटीच्या बाया,
सज्जा पाठीवर घेऊन कण्हणारे वाकडे बुटके.
एक वीतही रिकामी नाही.
कारागिराला जणू कुणी बजावलं असावं,
हात थांबला की मजुरी थांबली.

मान अवघडेपर्यंत बघितलं.
मग सवयीनं कीड शोधू लागले.

सापडली. वारा समुद्राचं मीठ घेऊन येतो,
दगडात मुक्कामाला राहतो, आतून पोखरतो.
वरचा पापुद्रा शाबूत. टिचकी मारली तर भुगा.
हे मला पाठ आहे.
पंचवीस वर्षं मी हेच बघते,
फक्त लहान मापात, दिव्याखाली.

परांचीवर एक बाई बसली होती. दोनाता.
गुडघ्याखाली पोतं, डोळ्यावर भिंग,
आणि हातात
माझंच हत्यार. तीच आकडी, तोच काडीवरचा आरसा.
"दंतवैद्याकडून घेते," ती म्हणाली, "टाकाऊ झालेली.
दगडाला चालतात."
मी माझा पेशा सांगितला.
ती एवढ्यांदा हसली
की खाली बाकावर पेंगणारा ओरोंत्सो जागा झाला.

ओरोंत्सोचं वय चौऱ्याऐंशी. बाप इथलाच पाथरवट.
कोरलेला दगड तेव्हा दुधानं धूत, तो सांगतो,
निरसं दूध, धार काढल्या काढल्या.
मुरतं, सुकतं, दगडावर कवच धरतं.
घरात पाच पोरं
आणि बाप बादली घेऊन चर्चकडे निघालेला.
"आई शिव्या घालायची," दोनाता मला समजावते.
बापाला की देवाला,
ते तो सांगत नाही.

वर कमानीत एक देवदूत आहे. नाक गेलेलं,
वरचा ओठ अर्धा,
हसतोय की शिंकणार आहे, कळत नाही.
नवं नाक का बसवत नाही? मी विचारलं.
माझ्या खुर्चीत असता तर
दुपारच्या जेवणाआधी मोकळा केला असता.

दोनाता आरसा पदरानं पुसावा तसा सदऱ्याला पुसते.
"कुणाचं बसवू?
त्याचं कसं होतं, मला माहीत नाही.
माझं त्याला शोभणार नाही."
आणि पुन्हा भेगेत चुना सोडू लागते, सुईनं,
थेंब, मग थांबणं, मग थेंब.
जे उद्या पडणार
ते परवावर ढकलायचं. तेवढाच तिचा पगार.

मी काही बोलले नाही.
परतीच्या गाडीला तासभर होता.
तेवढ्यात ओरोंत्सोनं माझी बाही ओढली
आणि आ वासला.
खालची डावी दाढ. दाढेला दुभाषा लागत नाही.
मी दोनाताचा आरसा मागून घेतला,
उन्हाकडे तोंड करायला लावलं त्याला.
आरशात दाढ, दाढेमागे पिवळी भिंत,
भिंतीवर उलटं डाळिंब.

हलते आहे, म्हटलं, पण धरून आहे.
कुणाला काढू देऊ नका.

त्यानं तोंड मिटलं, जरा विचार केला
आणि दोनाताकरवी विचारलं,
दूध लावू का?