टी-७

सर्व्हेच्या कागदावर चोडणची ती जमीन
नखाएवढी. झाडं एकतीस.
झाड म्हणजे एक गोल, गोलात टिंब,
शेजारी टी-एक, टी-दोन, टी-तीन.
जे काढायचं, त्याच्यावर तिरपी रेघ.
सहा वर्षं पणजीच्या ऑफिसात मी हेच करते.
माझी रेघ कधी हलत नाही.

साइट बघायला गेले ती फेब्रुवारीत,
रायबंदरहून फेरीनं, कागदाची नळी काखेत.
राखणदार फोंडू गावस धक्क्यावरच उभा,
कमरेला कोयती, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"टी-तीन कुठलं हो?"
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जसं मी त्याच्या घरातल्या माणसांना
हजेरीच्या नंबरानं हाक मारली.
"तीन नंबराचं हंय कोण ना, बाय.
ही माट्टी. तुमी ऐन म्हणतात ती."
सालीवर हात ठेवला. मीही ठेवला.
खवलेखवले, मगरीच्या पाठीसारखे,
आणि आत, तो म्हणाला, पाणी.
उन्हाळ्यात खोडाला एका जागी फोड येतो,
तिथे टोचलं की धार लागते.
माझ्या नकाशात पाण्याची टाकी वेगळी दाखवलीय,
निळ्या रंगात, पंपासकट.

बांधावर उंडी, वाकडी, अर्धी खाजनावर झुकलेली.
आम्ही तिला 'व्ह्यू अडतो' असं लिहिलं होतं.
"हिची मुळां काडशात तर बांध धरतलो कोण?
तुमचो कागद?"
खाली तिची फळं पडलेली, गोट्यांसारखी.
याच्या आजीनं त्यांच्या तेलावर दिवे लावले,
यानं त्यांच्यावर शाळेची पेन्सिल हरली.
बांधापलीकडे शेत, शेतापलीकडे मांडवी,
भरतीची, पोट वर करून झोपलेली.

किंदळ दाखवला, त्याची सावली दाखवली,
सावलीत झोपलेलं कुणाचं तरी कुत्रं दाखवलं.
मी मोजपट्टी धरून मागे मागे.
आमच्या आराखड्यात इथे बावीस रॉयल पाम,
दोन रांगांत, पाहुण्यांना सलामी देणारे.
पामाची सावली किती पडते, हे मी
कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

मग टी-सात.
ड्राइव्हवेच्या बरोब्बर मधोमध,
खोडभर काटे, बोटाच्या पेराएवढे जाड.
शेरा माझ्याच अक्षरात:
मुलांना धोकादायक, काढणे.
मी मान वर केली आणि ओळखलं.
तिरफळ.
बांगड्याच्या हुमणात, नारळाच्या लाल रसात
आई शेवटी ठेचून टाकते ती,
जिच्यानं जिभेचं टोक क्षणभर परकं होतं.
बत्तीस वर्षं खाल्ली. झाड बघितलं नव्हतं.
फोंडू काही बोलला नाही.
एवढा वेळ बोलणारा माणूस इथे गप्प बसला.

परत येऊन रस्ता तीन मीटर डावीकडे वळवला.
सरांनी लाल पेनानं पुन्हा सरळ केला.
"क्लायंटला गेटमधून दार दिसलं पाहिजे."
उंडी राहिली; बांध फुटला तर लॉन जाईल, हे त्यांना पटलं.
माट्टी राहिली, तिच्याखाली दिवे लावणार म्हणून.
टी-सातवर रेघ मीच मारली.
ती मात्र हलली. पुसून परत मारली.

ऑक्टोबरात ऑफिसच्या पत्त्यावर पुडी आली,
जुन्या पंचांगाच्या पानात, काथ्यानं बांधलेली.
आत तिरफळं, वाळून उकललेली,
काळ्या बिया काढून टाकलेल्या.
चिठ्ठी नाही. फोंडूला लिहायला येतं की नाही,
मी विचारलंच नव्हतं.
झाड अजून आहे की हा शेवटचा हंगाम,
तेही नाही विचारलं.

पुडी नकाशांच्या खणात ठेवली.
आता कुठलाही कागद उघडा,
हॉटेलचा, सोसायटीचा, वाहतूक बेटाचा,
वास येतो.
परवा सर नाक वर करून थांबले.
"कसला गं हा?"
"चोडणचा," मी म्हटलं. "टी-सात."
त्यांनी यादी उघडली, बोट खाली नेत गेले,
सहा, आठ,
पुन्हा वरून सुरुवात केली.