दोन बोटं माया

जिन्याखालचं माझं दुकान, लालबागला.
पाटी: येथे अल्टरेशन करून मिळेल.
‘मिळेल’मधला ळ उडालाय, कुणाचं अडत नाही.

लोक लांब आणतात, आखूड नेतात.
उरलेलं माझ्या पायाशी पडतं:
वेटरच्या काळ्या पँटचे दोन कडे,
बँकेतल्या बाईंच्या कुर्त्याचा घेर,
समोरच्या शाळेचं खाकी, निळं, परत खाकी,
आणि कदमकाकांच्या चौकड्यांच्या शर्टांच्या बाजू.
साखरेनं काका निम्मे झाले,
दर दिवाळीला मी त्यांच्यातून
एकेक चिंधी काढत गेलो.

सगळं एका गोणीत. कशासाठी, माहीत नव्हतं.

मग मैथिलीचं पोर आलं,
नवव्याची वाट न बघता, सातव्यातच.
वाडियात, काचेच्या पेटीत, पायाला चिठ्ठी:
बेबी ऑफ मैथिली साटम.
एक किलो एकशे ऐंशी.
बाजारात एवढे कांदे मी हातानंच तोलतो.

मी मामा. मामानं काय करायचं असतं?
मी टेप घेऊन गेलो.
सिस्टर डिमेलो म्हणाल्या, वेडे आहात का,
आत नाही सोडत कुणाला.
मग स्वतःच्या हातावर बोट ठेवून दाखवलं,
कोपरापासून इथवर.
बाहेर बाकावर बसून मी माझा हात मोजला.
चौदा इंच.
सव्वीस वर्षांत
उसनं घेतलेलं हे पहिलं माप.

रात्री शटर अर्धं ओढून बसायचो.
मशीन नाही. मशीनचा टाका कडक,
त्याला अंगाची ओळख नसते.
हातानंच धावदोरा, बाहेरून आत,
चौकोनात चौकोन, त्यात चौकोन.
पोटात माझ्या दोन लुंग्या,
इतक्या विरलेल्या की घडीतून हात दिसावा.

सकाळी वजन विचारायचं, रात्री तेवढं शिवायचं.
वीस ग्रॅम वाढलं: एक ओळ.
तीस: दीड.
एके दिवशी चाळीस घटलं.
त्या रात्री मी दोन ओळी उसवल्या.
का, ते सांगता येणार नाही.
हिशेब खोटा राहू नये म्हणून असेल.
उसवलेल्या भोकांतून दुसऱ्या दिवशी
सुई आपोआप गेली.

खाकी टोचेल, ते काठाला.
कदमकाका मधोमध.
गणपतीआधीच गेले ते,
आता त्यांचं काही कमी करायचं उरलं नाही.
त्यांच्या चौकड्यांवर हे पालथं पडेल,
लाळ गाळेल, आणि काय.

काल शेवटच्या टाक्याशी थांबलो.
गाठ मारायची नव्हती, गाठ अंगाला लागते.
दोरा आलेल्या वाटेनंच मागे फिरवला,
सात टाके परत चालवला
आणि आत सोडून दिला.
आता ओढून निघत नाही.
संपलं कुठे, ते उलटसुलट करून
मलाही सापडेना.

मंगळवारी सोडतायत.
एक किलो नऊशे.
मैथिलीनं गोधडी उलगडली, आणि हसली,
दोन महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं:
अरे दादा, ही पांघरायची की यात हरवायचं त्याला?

माप चौदाचं होतं. मी तीस बाय तीस कापली.
शिवणीच्या आत आम्ही दोन बोटं कापड जास्त सोडतो,
उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून.
त्याला माया म्हणतात.
गिऱ्हाईक विचारतं, माया ठेवलीय ना आत?
मी टाचण्या तोंडात धरून हुंकार भरतो.
इतकी वर्षं, टाचण्यांमधूनच.

तिला एवढं सगळं नाही सांगितलं.
म्हटलं, मोठी होतेय ना, अल्टर करून मिळेल.
पण कापडाला कात्री लावणार नाही.
पोराला घेऊन ये दर महिन्याला.
वाढवायचं ते त्याच्याकडूनच वाढवू.