अंदाजे दोनशे बारा

सकाळी काचेवर आकडा उमटतो: दोनशे बारा किलोमीटर.
मी हसते.
अंदाज कसे शिजतात ते मला माहीत आहे,
तेवीस वर्षं मीच शिजवतेय.
"दोन आठवडे लागतील," म्हणायचं
आणि मनात पुटपुटायचं: उतार असला तर,
वारा पाठीमागून असला तर,
आणि क्लायंटने शेवटच्या गुरुवारी
"एक छोटासा बदल" मागितला नाही तर.

गाडी घेऊन शकूरभाईंकडे गेले, नवलख्याला.
काम काही नव्हतं. दाखवायला.
माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा खोकला
ते रस्त्यापलीकडूनच ओळखायचे,
"टॅपेट है, मैडमजी," आणि तेच निघायचं.
आता बॉनेट उघडलं, वाकले, कान दिला,
बराच वेळ दिला.
"ये तो कुछ बोलती ही नहीं."
चहा मागवला.
पाना हातातच राहिला.

तेव्हा सांगायचं राहून गेलं,
की माझ्याही धंद्यात हेच आहे शकूरभाई.
बिघडलेला प्रोग्राम खडखडत नाही, करपल्याचा वास येत नाही,
तो अदबीने, गप्प राहून
चुकीची बिलं छापत राहतो.
एकदा अकरा दिवस छापली.
देवासच्या एका दवाखान्यात
प्रत्येक बाळंतिणीला खोलीभाडं दोनदा.
आमच्यापैकी कुणालाच ऐकू आलं नाही.
एका नवऱ्याने बोटांवर हिशेब करून पकडलं.

सोसायटीचे चौरसिया विचारतात,
पार्किंगमधली वीज कुणाच्या मीटरवर?
तीन बैठका झाल्या, वेगळा मीटर बसला,
तरी रोज संध्याकाळी खाली येऊन
ते वायरकडे बघतात,
जणू रात्री ती त्यांच्या फ्रिजमधलं दूध पिणार आहे.
पण त्यांचा दुसरा प्रश्न खरा होता.
"और ये बिजली बनती काहे से है?"
कोळशाने. बरीचशी.
धूर संपला नाही, चौरसियाजी,
मी तो फक्त दुसऱ्या मॉड्यूलमध्ये हलवलाय,
माझ्या फाइलीतून काढून
भलत्याच कुणाच्या फाइलीत टाकलाय
आणि वर शेरा मारलाय: स्वच्छ केलं.
कोडमध्येही केलंय हे. त्या दिवशी पेढे वाटले होते.

मंगळवारी रात्री गाडीला अपडेट आलं.
सकाळी काच धुक्याने भरलेली, आणि
वायपरचं बटण जिथे होतं तिथे आता हवामान.
शिवी ओठावर आली, तेवढ्यात दिसली ती:
कुठल्याशा शहरात, संध्याकाळचे साडेसात,
बूट घातलेले, खांद्याला बॅग,
एका हाताने टाइप करणारी.
"चाललंय ना? चालतंय तर पाठव."
मीच ती.
ओढणीने काच पुसली.

मतं माझी थोडी आहेत, पक्की आहेत.
कमी लिहावं. लिहिलेलं पुसता यावं.
नाव असं द्यावं, की रात्री दोनला उठवलेल्या माणसालाही
डोळे चोळता चोळता कळेल.
वीस टक्क्यांखाली गाडी
आणि शुक्रवारी दुपारनंतर कोड
घराबाहेर काढू नये.

शेवटचं मी रविवारी मोडलं.
शकूरभाईंना फिरवून आणायचं कबूल केलं होतं,
सिमरोल मागे पडलं तेव्हा अकरा टक्के,
चार्जर खाली बडवाहला.
ते दार धरून बसलेले. मी सांगितलं,
घाटात पाय उचलायचा, बस,
गाडी उतरता उतरता थोडं परत कमावते.
त्यांचा विश्वास नाही. आकड्यावर नजर.
भेरूघाटाच्या वळणांवर
अकराचे बारा झाले.
एक टक्का.
मी टाळी मागायला हात पुढे केला,
तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.
डोळे मिटलेले. मान जराशी तिरकी.
"रुको. इंजन चुप है तो अब सुनाई दिया.
पीछे का बायाँ पहिया. बेअरिंग."

काचेवर कुठेच काही नव्हतं, सगळं हिरवं.
मी कडेला घेतली.
आणि त्यांनी पिशवीतून पाना काढला.