जावक फाटक

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात, पहाटे तीनला
माझ्या प्रोग्रामने एका हातगाडीकडे
डिझेलचा आकडा मागितला.

चूक माझीच. महाप्याच्या एसीत बसून
मी 'वाहन' लिहिलं होतं. एकच मूळ क्लास, देखणा:
नंबरप्लेट, टाकी, इंजिन सुरू कर.
त्याच्या पोटी ट्रक, टेम्पो, पिकअप,
बापाचं सगळं मुकाट घेणारी गुणी लेकरं.
हातगाडीलाही त्याच घरात जन्माला घातली
आणि इंजिनच्या जागी लिहिलं, काही करू नकोस.
वाटलं, वारसा असा रिकामा करून टाळता येतो.
पण भिंतीवर खुंटी राहतेच.

कारकून तुपे म्हणाले, मॅडम, आणि हे?
हे म्हणजे जिजाबा साळेकर, जावळीकडचे,
पाठीवर पन्नास किलोची गोण.
"माल कशातून गेला लिहू? यादीत फक्त वाहनं आहेत."

ओझ्याखालचा माणूस थांबतो
तेव्हा गुडघे किंचित वाकवून थांबतो.
"लिवा की कायबी, बाई. खाली ठिवली
तर परत उचलाय लागंल."

एका ओळीत मी त्यांना वाहनाचा मुलगा केलं असतं.
कंपायलरने हूं की चूं केलं नसतं.

बटाट्यांच्या थप्पीवर बसले, 'वाहन' मुळापासून उपसलं.
लिहिला एक इंटरफेस: 'भारवाही'.
टाकी नाही, चाक नाही, कूळ नाही.
तीनच अटी. उचल. ने. उतरव.
कसं, ते ज्याचं त्याने बघावं.
फुकट काहीच मिळत नाही यात;
वजनाचा तोच हिशोब चार ठिकाणी लिहिला,
चौथ्यात शून्य जास्त पडलं,
आणि तुप्यांच्या पडद्यावर जिजाबा
पाचशे किलो घेऊन उभे.
ते हसले. गोण तेवढी हलली.

मग चहा. बिल्ला दाखवला त्यांनी, कडा झिजलेला,
वडलांच्या जागेवर मिळालेला.
"पोराला म्हनलं, घे. न्हाई घेतला.
घणसोलीत पार्सलं वाटतो आता.
चौथ्या माळ्यावर, लिफ्ट बंद."

मी कप धरून बसले.
उचलतो. नेतो. उतरवतो.
त्यांना सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही.

साडेचारला रांग सरकली.
पावती निघाली: साळेकर, भारवाही, गोण एक.
खाली 'चाकांची संख्या', पुढे रेघ.
तो रकाना काढायचा राहून गेला.