बावीस नंबरचा पाना

गाडी पीयूसीत नापास झाली.
पंपावरच्या पोरानं कागद हातात दिला
आणि आप्पा मागच्या सीटवरून म्हणाले,
"तुझ्यासारखीच की गं."
एकोणीसशे शहाण्णव. केमिस्ट्रीत एकोणीस मार्क.
तेव्हा ते काहीच बोलले नव्हते,
डबा घेऊन उद्यमबागेत डबल ड्यूटीला गेले होते.

आज रविवार. वडगावच्या गल्लीत
पुढची चाकं दोन ओंडक्यांवर, मागच्यांना दगडाची उटी,
आणि मी पोत्यावर उताणी, धुराड्याच्या गंजाखाली.

सेन्सर म्हणजे बोटाएवढं नळकांडं.
एक टोक धुरात, एक टोक बाहेर.
आतली हवा नि बाहेरची हवा ताडून बघायची
आणि फरक वर कळवायचा, एवढंच काम.
आमच्या भागात हे पुष्कळांना जमतं.

कालपासून तेल पाजलंय. तरी हलत नाही.
"दहा मिनिटं इंजिन चालू ठेव,
लोखंड कोमट असलं की ऐकतंय."
एकतीस वर्षं क्रँक घासलेत आप्पांनी,
केसाच्या जाडीलाही ढोबळ म्हणणारा माणूस.
आता बॅटरीचा उजेड नटावर ठरत नाही त्यांच्याच्यानं,
थरथरतो, निसटतो, माझ्या डोळ्यांत येतो.
मी काही बोलत नाही.
उजेड परत येईपर्यंत पाना बोटांनीच बसवते.

समोरचा इराप्पा माग बंद करून आला,
पान्याला जोडायला हातभर पाइप घेऊन.
"काय करूलालीस गं?" म्हणाला, मग वाकून बघितलं,
म्हणाला, "सावकाश."
आप्पा म्हणाले, "सावकाश."
हा शब्द कानडी की मराठी,
यावर आमच्याकडे अजून मोर्चा निघालेला नाही.

कट्.
तिघंही गप्प. आटा सुटला की नट मोडला?
"बंतु," इराप्पा म्हणाला.
आलं.

जुन्याचं टोक विझल्या वातीसारखं काळं.
नव्याच्या टोकाला हात नाही लावायचा.
"पहिले तीन आटे हातानं," आप्पा म्हणाले,
"पान्याला घाई असती."

पिवळा दिवा लगेच गेला नाही.
जेवणं झाली, भांडी झाली,
संध्याकाळी तिसऱ्यांदा चावी फिरवली तेव्हा
तो नव्हता.

सोमवारी पंपावरून घरी आले.
आप्पा दारातच उभे. "किती पडले?"
"शून्य पॉइंट शून्य नऊ."
त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला,
घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला.
"ह्याच्यात कमी पडले की चांगलं असतंय," म्हणाले,
आणि गल्लीत इराप्पाला हाक मारली.