लॉट क्रमांक एकशे बारा

बिस्किटांच्या डब्यात चार पदकं, मेणकागदात,
टपालानं आली तशीच. फितींना सुई लागलेली नाही.
"नोव्हेंबरात गावाची परेड निघे," म्युरिएल थ्रेल्फॉल म्हणते,
"तेव्हा बाबा मागच्या वाफ्यात लीक उपटत असायचे."

मी यादीत लिहितो: पदकं, उत्तम स्थितीत.
लॉगबुक. रात्र, सात तास चाळीस मिनिटं.
रात्र, आठ तास पाच.
परक्या गावांची स्पेलिंगं एकूण एक अचूक.

विमानात त्यांची जागा पडद्याआड.
टेबल, दिवा, चावलेली पेन्सिल, कर्कटक.
खाली काय पेटलं
ते कळायचं इतरांच्या आवाजावरून.
"एकदाच पडदा सारला, म्हणाले होते.
कुठे, ते नाही सांगितलं.
बसमध्ये मात्र खिडकी कायम आईला."

शेवटी नकाशा, घड्यांवर विरलेला.
दोष तपासायला मी तो काचेशी धरतो
आणि ढगातून निसटलेलं लिंकनशरचं ऊन
एसेनमधून येतं, ब्रेमेनमधून येतं,
कर्कटकाचं टोक जिथं जिथं टेकलं तिथून,
म्युरिएलच्या करड्या कोटावर.

बारीक भोकं, मी म्हणतो. किंमत थोडी उतरेल.
ती बाही झटकते. पुन्हा झटकते.
नकाशा अजून माझ्या हातात, वरच.